विमान-क्रेट: तिकिटाच्या आधी घ्यायची वस्तू

सांगली-मिरज, सातारा-कराडची जी घरं नोकरीपायी जर्मनी, इंग्लंड, अमेरिका किंवा आखातात बिऱ्हाड हलवतात, ती हल्ली कुत्र्या-मांजराला मागे सोडायला राजी नसतात. ते बरोबरच आहे. पण व्हिसा, घरभाडं, मुलांचे दाखले या धांदलीत क्रेटची आठवण होते ती शेवटच्या आठवड्यात. मग जनावर पहिल्यांदा त्या पेटीत बसतं ते थेट मुंबईच्या कार्गो टर्मिनलवर. विमानाचा आवाज, अंधार, परकी माणसं यांवर आपला काही इलाज चालत नाही. पेटी ओळखीची असणं तेवढं आपल्या हातात असतं. म्हणून हे परीक्षण एजन्सीचं किंवा विमान कंपनीचं नाही, त्या पेटीचं आहे.

ज्या क्रेटबद्दल बोलतोय तो दोन भागांचा कडक प्लास्टिकचा. खाली तबक, वर तसंच उलटं झाकण, कडेने बोल्ट आणि समोर लोखंडी जाळीचं दार. पेटमेटचा ‘स्काय केनेल’ हा या पद्धतीचा सगळ्यात ओळखीचा नमुना, आणि इटलीच्या एमपीएसचा ‘स्कुडो’ त्याच घरातला. घरी वापरतात तो तारेचा घडीचा पिंजरा विमानाच्या पोटात चालत नाही, तेव्हा तो स्वस्त मिळतोय म्हणून उचलू नका. आमचं मत आधीच सांगतो: मांजर, पॉमेरेनियन, बीगल, गावठी कुत्रं ते लॅब्राडोरपर्यंत हा प्लास्टिकचा क्रेट उत्तम. कारवानी, ग्रेट डेन अशा उंच जातींना तो बहुधा पुरत नाही. आणि कोणताही क्रेट खोक्यातून काढला तसा विमानतळावर नेण्याजोगा नसतो, त्यावर थोडं काम करावंच लागतं.

आकार ठरवताना दुकानदाराचा ‘लॅबला हाच लागतो’ हा सल्ला पुरेसा नाही. विमान कंपन्या आयाटाचा (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा) हिशोब धरतात, तो सोपा आहे. कुत्र्याला भिंतीला समांतर सरळ उभं करा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी घ्या आणि त्यात जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवा. ही झाली क्रेटची आतली लांबी. खांद्यांची रुंदी दुप्पट केली की आतली रुंदी. उभा असताना डोकं किंवा कानाचं टोक, जे वर असेल तिथपर्यंतची उंची आणि अंथरुणाची जाडी मिळून आतली उंची. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना प्रत्येक माप १० टक्क्यांनी वाढवायचं. हे काम दोघांचं आहे. एकाने खाऊ दाखवून मान वर ठेवायची, दुसऱ्याने शिंप्याची टेप धरायची. बसलेल्या कुत्र्याचं माप घेतलं की हमखास लहान क्रेट येतो.

इथे एक मेख आहे. वेष्टनावरची मापं बाहेरची असतात. ४० इंची म्हणून येणारा क्रेट बाहेरून साधारण १०२ × ६९ × ७६ सेंमी भरतो, पण तबक खाली निमुळतं असतं आणि मध्ये जोडाची पट्टी आत येते. त्यामुळे तळाशी मोजलं तर लांबी-रुंदीतले काही सेंटिमीटर कमीच हाती लागतात. दुकानात गेलात तर टेप आत घालून तळाशी मोजा. ऑनलाइन मागवत असाल तर विक्रेत्याकडून आतली मापं लिहून मागा. विमानतळावरचा माणूस कुत्रं आत उभं करून बघतो. कान छताला टेकले की तो नकार देतो आणि त्या दिवशीचं बुकिंग बुडतं.

मग एक नंबर मोठाच घ्यावा का? कार्गोने जाणार असाल तर थांबा. भाडं खऱ्या वजनावर किंवा आकारमानावर, यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं. ३६ इंची क्रेटचा (९१ × ६४ × ६९) हिशोब ६७ किलोला जातो, ४० इंचीचा ८९ किलोला आणि ४८ इंचीचा (१२२ × ८१ × ८९) जवळजवळ १४७ किलोला. आत ३० किलोचं कुत्रं असलं तरी पैसे या आकड्याचे. म्हणजे उगाच मोठा घेतलेला क्रेट दुकानात थोडा आणि विमानतळावर फार महाग पडतो. शिवाय फार ऐसपैस क्रेटमध्ये विमान हेलकावलं की जनावर इकडून तिकडे आपटतं. उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढी जागा हवी, त्याहून जास्त नको.

आपल्या भागात कारवानी खूप. सांगलीच्या पूर्वेला, जत-आटपाडीकडे तर घरोघर. हा कुत्रा अंगाने सडपातळ आणि पायाने उंच, तयार क्रेट मात्र लॅबच्या बांध्यासाठी बनलेले. समजा नाक ते शेपटी ९० सेंमी, कोपर ४०, खांदे २४ आणि डोकं वर करून उंची ८८. म्हणजे आतून ११० लांब, ४८ रुंद आणि अंथरुणासकट ९१ उंच हवा. सगळ्यात मोठा ४८ इंचीसुद्धा बाहेरूनच ८९ उंच! अशा वेळी प्लायवूडचा क्रेट बनवून घेणंच शहाणपणाचं. १२ मिमी प्लाय, चारही बाजूंना जाळीच्या खिडक्या, दाराला नाक किंवा पंजा बाहेर येणार नाही अशी वेल्डेड जाळी, आतून एकही खिळा किंवा कूस वर नाही. बाहेरून ११६ × ६४ × १०० सेंमीत तो बसवला तर हिशोब १२४ किलोला येतो, म्हणजे ४८ इंची प्लास्टिकपेक्षा कमीच.

कुपवाड-मिरज एमआयडीसीत यंत्रांच्या निर्यातीचं पॅकिंग करणाऱ्यांना एक गोष्ट आधी सांगा: चौकटीला भरीव लाकूड वापरलं तर त्यावर आयएसपीएम-१५चा, म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केल्याचा शिक्का लागतो. प्लायला तो लागत नाही. आणि बुकिंग करताना विमान कोणतं ते विचारा. बोइंग ७३७च्या सामानाच्या दाराची उंची जेमतेम ९० सेंमी, त्यातून असा क्रेट आत जातच नाही. मोठ्या पोटाचं विमान हवं.

आता प्लास्टिकच्या क्रेटची दुखरी जागा, म्हणजे दार. जाळीच्या दाराला वर आणि खाली सळईच्या पिना असतात. खटका चिमटीत दाबला की त्या आत ओढल्या जातात, सोडला की कवचाच्या छिद्रात घुसतात. या पिना किमान १.६ सेंमी आत जायला हव्यात असा आयाटाचा दंडक आहे, आणि हलक्या मालात नेमकी तिथेच काटकसर केलेली असते. तपासायला एक मार्कर पुरतो. दार लावा, पिन जिथे प्लास्टिकमध्ये शिरते तिथे खूण करा, दार काढा आणि खुणेपासून टोकापर्यंत पट्टी लावा. १.६ पेक्षा कमी भरलं तर क्रेट परत करा. नंतर दार लावून खालच्या कोपऱ्यावर दोन्ही तळव्यांनी जोर द्या. घाबरलेलं कुत्रं नेमका तिथेच पंजा घालतं. पिन टुणकन बाहेर आली तर तो क्रेट कितीही मोठ्या नावाचा असला तरी नको. प्लास्टिकच्या दाराचा तर विचारच सोडून द्या.

दुसरी जागा बोल्टांची. बऱ्याच क्रेटबरोबर प्लास्टिकचे फुलपाखरी नट येतात, काहींना नुसत्या बाजूच्या खिट्ट्या असतात. फोर्कलिफ्टने क्रेट उचलताना कवच पिळवटतं, तेव्हा प्लास्टिकचे आटे निसटतात. म्हणून सगळ्या छिद्रांत लोखंडी नट-बोल्ट बसवा. साधारण ६ मिमी जाडीचे, ३० मिमी लांबीचे चालतात, पण एक नमुना खिशात घालून गणपती पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात जा, म्हणजे फसगत नाही. दोन्ही अंगांना रुंद वायसर हवेच, नाहीतर आवळताना प्लास्टिक चिरतं. बोल्टचं डोकं आत, नट बाहेर. टोकं जनावराला लागता कामा नयेत. दहा नंबरच्या पान्याने घट्ट करा, पण शेवटचा अर्धा आटा हाताच्या अंदाजाने. सटकन आवाज आला म्हणजे तडा गेला. चार कोपऱ्यांना केबल टाय लावायला छिद्रं असतात. ते टाय तपासणी झाल्यावरच ओढायचे, म्हणून डझनभर जास्तीचे जवळ ठेवा. क्रेटला चाकं असतील तर काढून टाका.

दारावर अडकवायच्या पाण्याच्या वाट्या बहुतेक क्रेटमध्ये फारच लहान येतात आणि नुसत्या आकड्यावर लोंबतात. स्क्रूने जाळीला घट्ट बसणारं मोठं भांडं वेगळं घ्या, आणि दार न उघडता बाहेरून पाणी ओतता येतंय का ते बघा. आदल्या रात्री भांड्यात पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवा. चढवताना-उतरवताना बर्फ सांडत नाही, नंतर हळूहळू वितळतो. ही युक्ती जुनी आहे आणि पक्की आहे.

अंथरुणासाठी तळाला शोषून घेणारे पॅड, त्यावर फाडलेल्या वर्तमानपत्राचा थर, वर घरातला वापरलेला, न धुतलेला पातळ सुती कपडा. वाकळ घालायचा मोह होतो, पण वाकळ उंची खाते, ओली झाली की सुकत नाही आणि पायाखाली गोळा होते. घराचा वास हवा असेल तर वाकळीचा हातभर तुकडा कापून द्या. गवत किंवा पेंढा नको, अनेक देश तो आत येऊ देत नाहीत. क्रेटवर ‘जिवंत प्राणी’ हे इंग्रजीत किमान अडीच सेंमी उंचीच्या अक्षरांत लिहा, चारही बाजूंना वर दाखवणारे बाण काढा. वरच्या झाकणावर जनावराचं नाव, तुमचा तिकडचा फोन आणि शेवटचं खाणं-पाणी कधी दिलं ते चिकटवा. पट्टा, साखळी, तोंडाची जाळी आत काहीही नको.

एवढं केलं की क्रेट तयार होतो. जनावर तयार व्हायला वेळ लागतो, आणि सुदैवाने कागदपत्रंच तो वेळ देतात. जर्मनीसकट युरोपीय संघ आणि इंग्लंड रेबीजच्या रक्ततपासणीतून ज्या देशांना सूट देतात, त्यांच्या यादीत भारत नाही. म्हणून आधी कातडीखाली बसवायची १५ आकडी आयएसओ मायक्रोचिप (ओळखीची चिप), मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रेबीज टायटर (लस लागू पडली का ते दाखवणारी रक्ततपासणी), निकाल ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त, आणि रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबणं, हा क्रम चुकवता येत नाही. चिपच्या आधी टोचलेली लस धरली जात नाही, आणि पुढच्या बूस्टरची तारीख एक दिवसही टळली की सगळं पहिल्यापासून. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून भारतासारख्या रेबीजच्या धोक्याच्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांना किमान सहा महिने वय, चिप, ठरावीक प्रमाणपत्र आणि नोंदणीकृत प्राणी-केंद्रात आगाऊ जागा सक्तीची केली. टायटर नसेल तर तिथे २८ दिवस विलगीकरण. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट जनावर घेतच नाही. म्हणजे बहुतेक घरांच्या हातात निदान चार महिने असतात. चिप बसवली त्याच आठवड्यात क्रेट घरात आणा, हा या परीक्षणातला आमचा सगळ्यात ठाम सल्ला.

पहिला आठवडा वरचं झाकण लावूच नका. नुसतं तबक, त्यात त्याचा कपडा आणि जेवणाचं ताट. जनावर आपणहून जातं-येतं, हात लावून ढकलायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात झाकण, दाराशिवाय. मग दार, पण उघडं बांधून. मग जेवताना दार लावायचं आणि ताट संपायच्या आत उघडायचं. पुढे एक मिनिट, पाच, वीस. आत जायला एकच शब्द ठरवा आणि घरात सगळ्यांनी तोच वापरा. मुलगा ‘आत’ म्हणतो, आजी ‘जा घरात’ म्हणते, अशाने कुत्रं गोंधळतं. भुंकत किंवा कण्हत असताना दार उघडलं तर ओरडलं की सुटका होते हे ते शिकतं. क्षणभर गप्प झालं की उघडा. सहा-आठ आठवड्यांत बंद क्रेटमध्ये दोन-तीन तास शांत झोप लागली तर जमलं म्हणायचं. लाळ गळणं, दार चावणं, जाळीवर नाक घासून सोलणं दिसलं तर दोन पायऱ्या मागे या. घाई केली की महिन्याचं काम दोन दिवसांत मातीत जातं.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. पुष्कळदा मुलगा-सून आधी जातात आणि कुत्रं विश्रामबागला किंवा साताऱ्यात आई-वडिलांकडे राहतं. युरोपीय संघात मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवस आगेमागे जनावर गेलं तरच ते घरगुती प्रवासात मोडतं, नाहीतर व्यापारी आयातीचे नियम लागू होतात. त्यामुळे एक तर परत येऊन घेऊन जायचं, किंवा मालकाने लेखी अधिकार दिलेल्या माणसाबरोबर त्याच मुदतीत पाठवायचं. आणि सराव जर आई-वडील घेणार असतील, तर क्रेट त्यांना न वाकता साफ करता येईल अशा ठिकाणी ठेवा. ४० इंची क्रेट एकट्याने उचलायची वस्तू नाही.

मुंबईपर्यंतचा रस्ता क्रेटची दुसरी परीक्षा घेतो. ३६ इंचीपासून पुढचे क्रेट छोट्या हॅचबॅकच्या दारातून जात नाहीत. एर्टिगा, इनोव्हा किंवा बोलेरोसारखी मागची सीट दुमडणारी गाडी लागते, आणि ती भाड्याने ठरवताना मापं सांगा. क्रेट बेल्टने बांधा, एसीचा वारा जाळीपर्यंत पोचतोय ना बघा. सरावाला साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट उत्तम. खंबाटकीला आणि खंडाळ्याला उलटी होणार की नाही ते तिथेच कळतं. गाडी लागणाऱ्या जनावराला निघण्याआधी चार-सहा तास हलकं खाणं, पाणी मात्र शेवटपर्यंत. रेल्वेने जायचं असेल तर कुत्र्यासाठी फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन मिळावं लागतं. नाहीतर ब्रेकव्हॅनचा डॉग-बॉक्स, आणि विमानाच्या आदल्या रात्री तो अनुभव जनावराला देऊ नये. मुंबईत पशु संगरोध आणि प्रमाणन सेवेकडून निर्यातीचं प्रमाणपत्र उड्डाणाआधीच्या मोजक्या दिवसांत मिळतं, म्हणून तिथे मुक्काम धरूनच चला. हॉटेलच्या खोलीत झोपायलाही तोच क्रेट.

गुंगीचं औषध देऊ नका. त्याने रक्तदाब उतरतो, शरीराला तापमान सांभाळता येत नाही, तोल जातो, आणि वर लक्ष ठेवायला कोणी नसतं. गुंगीतलं जनावर दिसलं तर बहुतेक विमान कंपन्या घेतच नाहीत. भीती फारच असेल तर महिना-दोन महिने आधी नेहमीच्या डॉक्टरांशी किंवा शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवून बोला. पग, बुलडॉग आणि पर्शियन मांजरं यांना नाकाने अंग थंड करता येत नाही. एप्रिल-मेमध्ये धावपट्टीच्या उन्हात तासभर क्रेट थांबला तरी जिवावर बेततं. त्यांना थंडीतच न्या, आणि कंपनी त्या जातीला घेते का ते बुकिंगआधी लेखी विचारा.

मांजरासाठी २४ इंचीच्या आसपासचा क्रेट पुरतो, पण माप घेऊनच. वरून उघडणारं झाकण असेल तर डॉक्टरकडे सोयीचं. मांजर आणि पिशवी मिळून ८ किलोच्या आत असेल तर लुफ्थान्सासारख्या काही कंपन्या केबिनमध्ये मऊ पिशवीतून नेऊ देतात (५५ × ४० × २३ सेंमी). इंग्लंडला मात्र हा मार्ग बंद. तिथे पाळीव जनावर विमानाने कार्गोतूनच उतरावं लागतं. सुरक्षा तपासणीत क्रेट रिकामा करून यंत्रातून जातो, आणि मांजर निसटतं ते नेमकं त्या मिनिटाला. छातीचा पट्टा घालून, त्याची दोरी मनगटाला गुंडाळूनच बाहेर काढा, मग आत ठेवताना पट्टा सोडा. त्या पट्ट्याची सवयही घरीच, क्रेटबरोबर.

परतून आलेल्यांकडून जुना क्रेट मिळत असेल तर जरूर घ्या, पैसे वाचतात. मात्र उजेडासमोर धरून बोल्टच्या छिद्रांभोवती केसासारखे तडे आहेत का ते बघा, दाराच्या पिनांची मार्करची चाचणी करा, आणि आतल्या कडा बोटाने चाचपून चावलेल्या जागा शोधा. धुताना फिनेल वापरू नका, मांजराला ते विषारी असतं. साध्या साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवला की आधीच्या जनावराचा वास जातो.